पोटाकडचा पाय

गाय घ्याची असली तं माहा सासरा तिचे दात पाहे, कास दाबून पाहे, चालवून पाहे. धानाचं बी घ्याचं असलं तं मूठभर पान्यात टाकून पाहातात, पोचट वर येते. मले पाहाले आले होते तवा मलेबी पोह्याचं ताट घेऊन इकडून तिकडं चालवलं होतं. पन वकील कसा पाहातात? त्याचं काय पाहाचं? हे मले कोनंच सांगू शकलं नाई, अन् मले तं वकील पाहिजे होता, लवकर पाहिजे होता, कारन माह्या पोरीचा येक पाय चालता चालता मांगं राहून जाये, अन् ज्याच्या सुईनं तो पाय गेला तो डॉक्टर साऱ्या गावाले सांगून राहिला होता का मीनं सुई देल्लीच नाई.

सुरवातीपासून सांगते. धानकापनी चालू होती, पोरगी दोन वर्साची होऊन राहिली होती, अन् तिले ताप आला, काई केल्या उतरेना. बाजूच्या मोठ्या गावात बसथांब्याच्या मांगं येक दवाखाना हाय. आमच्याकडची सारी मानसं तिथंच जातात, माह्या सासूचं बीपी बी तोच डॉक्टर पाहाते. तो म्हने, आज येक सुई देतो, उद्या येक. मी स्टुलावर बसली, पोरीले मांडीवर पालथी घेतली, तिचं डोकं माह्या डाव्या हाताकडं. पहिल्या दिवशी त्यानं माह्या गुडघ्याकडच्या बाजूले सुई देल्ली. दुसऱ्या दिवशी म्हने, काल इकडं देल्ली, आज तिकडं देऊ, अन् पोटाकडच्या बाजूले देल्ली. माह्या पोटाकडच्या. तवा ते अशी किंचाळली का बाहेर बसलेली मानसं आत डोकावून पाहाले लागली. डॉक्टर हासला, "लय नाटकी हाय पोरगी." मीबी हासली. डॉक्टर हासला का आपन हासतोच ना.

रातच्याले ताप उतरला. सकाळी पोरगी उठून माह्याकडं चालत आली तं येका पायातली चप्पल मांगंच राहिली. मीनं घालून देल्ली, परत निसटली. मंग मीनं खाली बसून पाहालं. पंजा वर उचलतच नवता. बोटं घासत येत, अन् सारवलेल्या अंगनात त्या पायाची येक रेघ उठे, जशी कोनी काडी ओढत नेली.

"वारं गेलं पायावरून," सासू म्हनली. तिनं तेल कोमट करून लावलं, काळा धागा बांधला. मी परत त्याच डॉक्टरकडं गेली, त्यानं गुडघ्यावर ठोकून पाहालं, म्हने ताकद कमी हाय, अन् टॉनिक देल्लं. धान घरात आलं, लाखोरीचं पीक निघालं, दुसऱ्या सालचा रोवना बी झाला, पोरगी टॉनिक पिऊन गुबगुबीत झाली, पाय तसाच. मंग माहा नवरा म्हनला, चाल, नागपूरले दाखवू. तो तुमसरच्या मिलमंधी कामाले हाय, घरी येते तवा येखाद्या दिवसासाठीच येते, तोच दिवस नागपुरात गेला.

तिथल्या डॉक्टरनं पायाले वायरी लावल्या, मशीनवर काईतरी पाहालं, अन् इचारलं, "हिला कमरेखाली इंजेक्शन दिलं होतं का?"

मीनं तं सुईचं अजून तोंडातून काहाडलंच नवतं! मले लय नवल वाटलं. पाहून राहिला पायाच्या पंज्याकडं, अन् दिसून राहिली कमरेखालची सुई? मी भ्याली होती तरी इचारलंच, "साहेब, तुमाले कसं कळलं?" त्यानं कागदावर मानूस काहाडला, मांगून दिसते तसा. म्हने, येक मोठी नस हाय, कमरेतून निघते, कुल्ल्यातून उतरते, मांडीच्या मांगून थेट पायाच्या बोटापर्यंत जाते. तिच्यात सुई घुसली तं खालचा पंजा पडते.

"म्हनजे नहर वरती फुटला अन् शेवटच्या टोकावरची धानाची बांधी सुकली," मी म्हनली.

तो हासला. नवऱ्यानं मले कोपर मारलं. पन डॉक्टर म्हने, "बरोबर, तसंच." मंग म्हने, नस हळूहळू भरू शकते, व्यायाम लागन, पायाले पट्टा लागन, किती सुधरन ते आता सांगता येत नाई. सुई कोनं देल्ली, कशी देल्ली, ते भांडन वकिलाकडं न्या, मी पाय पाहातो.

दुसऱ्या दिवशी मिलमंधी खाडा करून नवरा आमच्याकडच्या डॉक्टरकडं गेला. भांडाले नाई गेला, नुसतं इचाराले, का साहेब कोनती सुई होती, नागपूरवाले इचारून राहिले. तवा डॉक्टर म्हनला, "सुई? मीनं सिरप देल्लं. बाहेरून कोनाकडून टोचून आनली असन तुमी."

माहं तं डोकंच फिरलं. सुई होती का नाई, येवढंच! सुई काहाडल्यावर मीनंच तिथं कापूस दाबून धरला होता ना, याच अंगठ्यानं. रडाले बी आलं अन् रागबी आला, पन खरं सांगते, त्याच्याहून जास्त मले हे जानून घ्याचं होतं का मानूस सुई देते अन् नाई कसा म्हनते. अन् तिथंच काहून टोचली. नस तिथं हाय हे त्याले मालूम नवतं, का मालूम असून टोचली?

"केस करतो," नवरा म्हनला.

"कर," सासू म्हनली. "अन् उद्या माह्या छातीत दुखलं तं मले कोनाकडं नेशीन? तुह्या वकिलाकडं? तो काय कोट घालून बीपी मोजन?"

हे तिचं खोटं नवतं. त्या डॉक्टरच्या पलीकडं मंग थेट पवनीच. मलेबी भेव वाटे. बाजारात डॉक्टरची बायको दिसली तं मी भाजीवालीच्या मांगं लपून जाओ, जशी चोरी मीनंच केली.

आता आमच्या भागात वकील म्हनला का धरनाचाच वकील. गोसीखुर्दच्या पान्यात कोनाचं घर गेलं, कोनाचं शेत गेलं, सारे त्याच्याच मांगं कोर्टात. म्हनून कोनालेबी इचारा, वकील मालूम हाय का, तं तो धरनाच्या वकिलाचंच नाव सांगे. नवऱ्याच्या ओळखीनं आमी पवनीतल्या अशाच येका वकिलाकडं गेलो. मोठी खोली, फायलींचे गठ्ठे लाल कपड्यात बांधलेले, येक टायपिंगवाला. वकीलसाहेबांनं मान वर न करताच इचारलं, "गट नंबर?"

नवरा म्हने, "साहेब, आमचा गट नंबर नाई."

"गावठानातलं का? बरं, किती गेलं?"

मी म्हनली, "येक पाय."

तवा त्यांनं वर पाहालं. पोरगी माह्या कडेवर होती, तिचा तो पाय माह्या कमरेजवळ लोंबत होता. साहेबांनं चष्मा काहाडला, पुसला, परत लावला. मंग चहा सांगतला. मानूस वाईट नवता. पोरीले बिस्कुट बी देल्लं. म्हने, असली केस मीनं कवा लढली नाई, पन नोटीस देऊ, नोटिशीनंच घाबरून जाईन डॉक्टर. मले म्हने, सांगा कसं कसं झालं. अन् मी सांगू लागली. मी भ्याली का जीभ धावते माही. मी सांगून राहिली, ते टायपिंगवाल्याले सांगून राहिले, तो टकटक करून राहिला, मधात येक धरनवाला येऊन आपली तारीख इचारून गेला. सई घेतली, कागदाची येक परत मले देल्ली, म्हने घरी वाचून घ्या, मंग रजिस्ट्रीनं पाठवू.

मी आठवीपर्यंत शिकली. जोडाक्षर आलं का मी थांबते, पन वाचते. बसमंधी येका येका अक्षराखाली बोट ठेवून वाचत होती, 'सदर डॉक्टरने माझ्या पक्षकाराच्या अज्ञान मुलीच्या' — अज्ञान म्हनजे काय ते नवऱ्यानं सांगतलं, लहान — 'मुलीच्या पोटात इंजेक्शन दिले.'

पोटात!

मी परत वाचलं. नवऱ्याले देल्लं. तो म्हने, पोटातच लिवलं हाय. मीनं म्हनलं होतं 'पोटाकडच्या बाजूले'. माह्या पोटाकडच्या. अन् त्यांनं पोरीच्या पोटात लिवून टाकलं.

घरी सासूनं आयकलं तं ते धसकलीच. "पोटात? माय वं! कुत्रं कवा चावलं पोरीले, मले सांगतलं बी नाई!" तिच्या काळात कुत्रं चावलं का पोटात सुया देत. तिले समजावता समजावता मले हासू आलं, अन् हासता हासता येकदम ध्यानात आलं. हा कागद गेला असता तं डॉक्टर काय म्हनला असता? म्हनला असता, पाहा, यायच्या पोरीच्या पोटात सुई देल्ली म्हनतात अन् लंगडते पायानं. झाली असती केस!

मी येकटीच परत पवनीले गेली. वकीलसाहेब म्हनले, "अवो ताई, पोट काय अन् पाय काय, अंग तं येकच ना? आधी नोटीस जाऊ द्या, उत्तर आलं का सुधारू."

"साहेब, गट नंबर चुकला तं बी मंग सुधारता का तुमी?"

 राग नाई आला त्यायले. म्हनले, "गट नंबर मी स्वतः तपासतो." मंग तो कागद मले वापस देल्ला अन् म्हनले, "ताई, हे माहं काम नोहोय. भंडाऱ्यात पाहा. पन जल्दी पाहा, असल्या केसले दोन वर्साची मुदत रायते." दोन वर्साची! अन् त्यातलं येक वरीस तं टॉनिकमंधीच गेलं होतं.

तवापासून डोक्यात येकच. कोन दुसरा वकील, कुठी रायते, कोनाले इचारू? डॉक्टरलोकायले इचारावं तं ते आपसातले. पोलिसाले इचारावं तं भेव. भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात पोरीले व्यायामाले न्या लागे. तिथं बाकावर कोनाचा हात, कोनाचा खांदा, कोनाची मान, सारे आपापलं घेऊन बसलेले. मी बाजूच्या बाईले इचारलं, तिच्या मनगटाले पट्टा होता, "बाई, दवाखान्याच्या केसी लढते असा कोनी वकील मालूम हाय का?"

"हाय ना," ते म्हनली. "येक वकीलबाई हाय. माह्या भावजयीची केस तिनंच लढली."

"जितली?"

"हारली."

मी जरा सरकून बसली.

"हारली वं, पन चांगली हारली," ते बाई म्हनली. "पहिल्याच दिवशी सांगतलं होतं तिनं का तुमची बाजू कच्ची हाय. भावजयच म्हने, लढा. तारखेले येकदाबी गैरहाजर नाई राहिली. अन् आमाले खोटं बोलाले नाई लावलं."

हारलेला वकील चांगला कसा, हे मले समजेना. बुडालेला नावाडी कोनी करते का? पन व्यायाम झाला का पोरीले कडेवर घेऊन मी पाहाले तं गेलीच. कोर्टाच्या मांगं झेरॉक्सचं दुकान, त्याच्या वरच्या खोलीत ते वकीलबाई बसे. भितीवर शाळेतला तक्ता लावलेला, कातडी काहाडलेला मानूस, लाल शिरा, निळ्या शिरा. मी त्या तक्त्याकडं पाहातच उभी राहिली. बाई डबा खाऊन राहिली होती. म्हने, "ये, बस. भात खाणार का पोरगी?"

गट नंबर इचारला नाई, नाव नाई, गाव नाई. आधी पोरीले भात देल्ला, मंग म्हने, "हिला चालवून दाखव."

हे आयकून मले येकदम बरं वाटलं. ज्याले जे पाहाचं असते ते तो चालवूनच पाहाते ना!

पोरगी चालली. बाईनं खाली वाकून पाहालं. मंग मले म्हने, "आता सांग. घाई नको करू. दवाखान्यात शिरलीस तिथून सांग."

मी सांगत गेली, सांगता सांगता परत तेच आलं, पोटाकडच्या बाजूले. मले वाटलं, आता हेबी पोटात लिवन. पन तिनं पेन खाली ठेवला. "पोटाकडच्या म्हणजे? कोणाच्या पोटाकडच्या?"

"माह्या."

"दाखव मला."

मी पोरीले मांडीवर पालथी घ्याले गेली, तं तिनं असा आकांत केला का खालचा झेरॉक्सवाला वरती पाहाले आला. तवापासून ते पालथी होतच नाई, झोपेत बी नाई. बाई म्हने, राहू दे, राहू दे. तिनं खुंटीवरचा आपला काळा कोट काहाडला, त्याची गुंडाळी केली, अन् माह्या हातात देल्ला. "ही तुझी पोरगी. घे मांडीवर."

मले लाज वाटली. वकिलाचा कोट, तो मी मांडीवर पालथा घेऊ? पन घेतला. कॉलर डाव्या हाताकडं, म्हनजे डोकं. बाह्या खाली सोडल्या, म्हनजे पाय. बाई माह्यासमोर येऊन उभी राहिली, जिथं डॉक्टर उभा होता तिथं, अन् हातात पेन धरला. "काल कुठे दिलं होतं?" मी दाखवलं, गुडघ्याकडं. "अन् दुसऱ्या दिवशी?" मी तिचा पेन धरला अन् कोटावर टेकवला. टेकवता टेकवता माहा हात थांबला नाई, इकडं-तिकडं झाला नाई. कापूस धरला होता ना मीनं तिथं, अंगठ्याले सारं मालूम होतं.

 मंग तिनं कोटावर खडूनं येक फुली काहाडली. आपल्याच कोटावर! म्हने, "हे बघ. एका बाजूच्या कुल्ल्याचे चार भाग. इंजेक्शन द्यायचं ते वरच्या अन् बाहेरच्या कोपऱ्यात. तिथे नस नसते. बाकी तिन्हीकडे धोका. आता सांग, तुझ्या पोटाकडच्या बाजूचा बाहेरचा कोपरा कुठे आला?"

मी खाली पाहालं. तो कोपरा माह्या पोटाले टेकला होता. दबून गेला होता. माह्या लुगड्याच्या घडीत.

"म्हणजे समोर उभं राहून तिथे सुई पोचलीच नसती," ते म्हनली. "पोरीला फिरवायला पाहिजे होतं. डोकं इकडचं तिकडं. एवढंच. त्याने फिरवलं नाही, हात लांब केला अन् मिळालं तिथे टोचलं."

येवढंच. मी त्या कोटाकडं पाहात बसली. नागपूरहून आल्यापासून मी इचारत होती, तिथंच काहून, तिथंच काहून. अन् उत्तर माह्याच मांडीवर होतं, मी कशी बसली होती त्याच्यात.

मंग येकदम मनात आलं. "मॅडम, मीनं तिचं डोकं इकडं केलं, म्हनून झालं का हे? मीनं तिकडं केलं असतं तं?"

"तू आई आहेस, कंपाउंडर नाही. सुई कोणाच्या हातात होती?"

"त्याच्या."

"मग फिरव म्हणून कोणी सांगायचं?"

 ते पुढं म्हने, कोर्टात दोन गोष्टी वेगळ्या करा लागतात. चूक कोनाचीबी होते, नीट काम करूनबी कवा कवा वाईट होते, त्याची केस नाई होत. हयगय केली तं होते. हे समजते का?

"समजते ना," मी म्हनली. "रोवन्यात बाया धानाचे पऱ्हे लावतात. नीट लावलं अन् मंग पान्यानं दगा देल्ला तं मालक काई म्हनत नाई. पन कोनी गप्पा हानत नुसतं चिखलावर ठेवत गेली, मुळी खाली घातलीच नाई, तं दुसऱ्या दिवशी सारं तरंगते. ते दिसतेच. तिले मालक बोलतेच."

"बस," बाई म्हने, "हेच. मी कोर्टातल्या साहेबांपुढे यापेक्षा चांगलं नाही सांगू शकणार." अन् हासली. मंग परत गंभीर झाली. म्हने, जितवीन असं मी म्हनत नाई. दुसऱ्या डॉक्टरचं लेखी मत लागन, ते मिळाले तरास होईन, डॉक्टर डॉक्टरच्या इरोधात लवकर लिवत नाईत. अन् पाय कोर्ट वापस देत नाई. "तुला नेमकं काय पाहिजे?"

नवऱ्यानं सांगून ठेवलं होतं, वकील भेटला तं पोरीचा इलाज निघाला पाहिजे असं म्हनजो. ते मी म्हनलंच. पन त्याच्यामांगून आपोआप निघालं, "अन् त्यानं म्हनावं का सुई देल्ली. मंग बाकी जे होईन ते होईन."

वकीलपत्रावर सई केली. मले वाटे वकीलपत्र म्हनजे वकील मले पत्र लिवते. ते उलटं रायते, आपन लिवून देतो का ही बाई माह्यातर्फे बोलन. सई करताना मी बाईले इचारलं, "तुमी ते केस हारली, तं तुमाले भेव नाई वाटत?" ते म्हने, "वाटतं ना. म्हणूनच तर आधी कोट मांडीवर देऊन सगळं तपासून घ्यावं लागतं."

नोटीस गेली. त्यात लिवलं होतं, डावा पाय, डावी बाजू, अन् पोरगी कशी झोपवली होती ते सारं. गावात तवा पेटलं. डॉक्टर सुई देल्लीच नाई येवढंच सांगत राहिला, पन लोक मलेच बोलत. येक म्हातारा तं घरी येऊन सांगून गेला, "पोरी, डॉक्टर म्हनजे गावचा आधार. येका पायासाठी साऱ्या गावाचा आधार काहाडतेस?" मीनं त्याच्यापुढं चहा ठेवला. सासूनंच आतून आवाज देल्ला, "तुमच्या नातीचा पाय द्या न मंग, आधारासाठी." तो चहा न पिताच गेला. मी सासूकडं पाहालं तं ते चुलीत फुकनी घालून बसली होती, जशी काई बोललीच नाई. बीपीची गोळी ते आताबी त्याच डॉक्टरची खाते.

मंग येक दिवस बाईचा फोन आला का उत्तर आलं, ये. मी पोरीले घेऊन गेली. पायाले नवीन पट्टा होता, ते कठडा धरून येक येक पायरी आपली आपन चढली, मी मांगं मांगं, उचलू का, उचलू का करत. बाईनं मले वाचून दाखवलं. वकिली भाषा होती, पन मले येक वाक्य बरोबर समजलं. डॉक्टरच्या वकिलानं लिवलं होतं का मूल अस्वस्थ होते, वारंवार सांगूनही आईने मूल घट्ट धरले नाही, त्यामुळे सुई हलली.

आईनं धरलं नाई. मी!

 पोरगी हलली होती का? मी डोळे मिटून आठवलं. हलली होती. किंचाळली तवा पूर्न अंग ताठ झालं होतं तिचं. मी काय बोलू? नाई म्हनलं तं खोटं होते, हो म्हनलं तं सारं माह्यावरच येते. मंग जे खरं तेच मी म्हनली, "मॅडम, हलली होती ते. धरली होती मीनं, दोन्ही हातानं धरली होती. तरी हलली."

बाई रागावन असं वाटलं. तिनं लाल पेनानं त्या कागदावर येका शब्दाखाली रेघ ओढली अन् कागद माह्यापुढं केला. बोट ठेवून मी वाचलं. सुई.

"काल-परवापर्यंत काय म्हणत होता गावात?" बाईनं इचारलं.

"सुई देल्लीच नाई. सिरप देल्लं."

"अन् आता?"

मी परत वाचलं. सुई हलली. म्हनजे सुई होती! माह्यावर ढकलाच्या नादात त्यानं आपल्याच तोंडानं सांगून टाकलं का सुई होती. मले येकदम हासू आलं, मंग रडू आलं, पोरगी माह्या तोंडाकडं पाहून राहिली का आई करून काय राहिली.

बाई म्हने, खुश नको होऊ येवढ्यात. आता तो सारा जोर यावरच देईन का आईनं धरली नाई. तुले समोर उभी करून इचारतीन. तू जे आता सांगतलं तेच सांगजो, हलली म्हनजो, धरली होती म्हनजो.

"सांगीन," मी म्हनली. "पन मॅडम, मले येक समजत नाई. तिले धराचं काम माह्याकडं काहून होतं? मी लेकराची आई, मी भ्यालेली. टेबल होता ना तिथं, पेशंटले झोपवाचा. त्याच्यावर काहून नाई झोपवलं त्यानं?"

बाईनं मान वर केली. "टेबल होता?"

"होता ना. मोठा, हिरव्या रेग्झिनचा."

"मग?"

"त्याच्यावर औषधीचे खोके रचले होते, पार वरपर्यंत. मी पोरीले त्याच्यावर ठेवाले गेली तं डॉक्टरच म्हने, तिथं जागा नाई, मांडीवरच घे."

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी सुईचं इचारत होत्या. मले काय मालूम का टेबल बी केसमंधी रायते?"

बाईनं पेन उघडला अन् म्हने, "थांब. खोके कोणत्या बाजूला होते ते सांग आता, हळूहळू." मी पोरीले खुर्चीवर बसवलं, उभी राहिली, अन् दवाखान्याच्या दारातून आत शिरल्यासारखी त्या खोलीत परत शिरली.